एसबीआयआर-एसटीटीआर अर्जात विद्यापीठ सोबत असेल तर कोणतं काम कधी करायचं

अमेरिकेत पोस्टडॉक करताना किंवा प्राध्यापकी सांभाळून कंपनी काढणाऱ्या मराठी मंडळींचे एसबीआयआर (स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च) आणि एसटीटीआर (स्मॉल बिझनेस टेक्नॉलॉजी ट्रान्सफर) या संशोधन-निधीच्या योजनांबद्दलचे प्रश्न साधारण एकाच वेळी येतात: मुदतीला आठवडा उरलेला असताना. विज्ञानाचा भाग लिहून झालेला असतो, आकृत्या छान जमलेल्या असतात, आणि मग कोणाला तरी आठवतं की विद्यापीठाच्या सहीचं पत्र लागतं. ते पत्र आठवड्याभरात सहसा मिळत नाही. मिळालंच तर त्यातले आकडे कंपनीच्या बजेटशी जुळत नाहीत.

या दोन्ही योजनांत पैसा अमेरिकी संघ सरकारच्या संस्था देतात आणि तो छोट्या कंपनीला मिळतो. विद्यापीठ स्वतः अर्ज करू शकत नाही. ते कंपनीकडून सबअवॉर्ड, म्हणजे कंपनीच्या निधीतला एक वाटा, घेऊन काम करतं. एरवी ग्रँट ज्याच्या नावावर येते ते विद्यापीठ इथे दुय्यम भूमिकेत असतं, आणि कंपनी प्राध्यापकाचीच असेल तर टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस बसलेला दिसतो. बहुतेक गोंधळ इथून सुरू होतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी माणसं आणि त्यांच्या नोकऱ्या, मग विद्यापीठातली ऑफिसं, मग कामाची वाटणी, मग बजेट. विज्ञानाचा शेवटचा मसुदा त्यानंतर.

सुरू करण्यापूर्वी एक खात्री. या योजनांना अमेरिकी काँग्रेस ठरावीक मुदत देते. २०२२ च्या कायद्याने वाढवलेली मुदत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. त्यामुळे मित्राने पाठवलेल्या जुन्या पीडीएफवर विसंबू नका. ज्या संस्थेकडे अर्ज करायचा तिचं चालू सोलिसिटेशन (अर्ज मागवणारी अधिकृत जाहिरात) उघडा आणि ती अर्ज घेते आहे का, कोणत्या तारखेला, ते पाहा. खाली दिलेले नियम योजनेच्या नेहमीच्या रचनेचे आहेत. सोलिसिटेशनमध्ये वेगळं लिहिलं असेल तर तेच धरा.

## १. कंपनी पात्र आहे का, आणि काम कुठे होणार?

कंपनी नफ्यासाठी चालणारी, अमेरिकेत व्यवसाय असलेली, आणि संलग्न कंपन्या धरून ५०० पेक्षा जास्त कर्मचारी नसलेली हवी. नव्या कंपनीला यात काही अडत नाही. अडतं ते मालकीवर. निम्म्याहून अधिक मालकी अमेरिकी नागरिकांची किंवा ग्रीन कार्डधारकांची असावी लागते. तीन भागीदार आहेत, एक नागरिक आणि त्याचे ४० टक्के, बाकी दोघे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आणि प्रत्येकी ३० टक्के, तर ही कंपनी अपात्र आहे. कंपनी डेलावेअरमध्ये नोंदलेली आहे, कर भरते, याचा इथे उपयोग नाही. व्हेंचर कॅपिटलची मालकी असेल तर त्याचे नियम आणखी वेगळे आहेत, ते वकिलाकडूनच समजून घ्या.

दुसरा मुद्दा आपल्या लोकांना हमखास नडतो. संशोधन आणि विकासाचं काम अमेरिकेतच व्हावं लागतं. अपवादाला संस्थेची आगाऊ परवानगी लागते आणि ती क्वचितच मिळते. ‘अल्गोरिदमचं काम हिंजवडीतली टीम करेल, स्वस्तात होईल’ हा विचार सोडून द्या. पुण्यातल्या मित्राच्या कंपनीला बजेटमध्ये सल्लागार म्हणून बसवलं तरी काम परदेशातच होतं, आणि परीक्षकाला ते पहिल्या वाचनात दिसतं.

सावध: अर्जापुरते शेअर इकडचे तिकडे करून नंतर परत फिरवायचे, असा सल्ला देणारे भेटतात. पात्रतेची हमी कंपनी सही करून देते. खोटी हमी हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि या योजनांतल्या फसवणुकीची चौकशी करायला प्रत्येक संस्थेचं इन्स्पेक्टर जनरल ऑफिस बसलेलं असतं.

## २. पीआय कोण आणि त्याची नोकरी कुठे?

एसबीआयआर घ्यायचं की एसटीटीआर, हा प्रश्न लोक निधीच्या रकमेवरून सोडवायला जातात. खरं तर तो पीआयच्या, म्हणजे प्रकल्पाच्या प्रमुख संशोधकाच्या, नोकरीवरून सुटतो.

एसबीआयआरमध्ये पीआयची मुख्य नोकरी कंपनीतच असली पाहिजे. म्हणजे त्याचा निम्म्याहून अधिक वेळ कंपनीचा, अवॉर्डच्या (निधी मंजूर होण्याच्या) दिवसापासून प्रकल्प संपेपर्यंत. अर्ज करताना तो विद्यापीठात पूर्णवेळ असला तरी चालतं, अवॉर्डच्या वेळी चालत नाही. एसटीटीआरमध्ये पीआय कंपनीचा किंवा भागीदार संशोधन संस्थेचा (इथे विद्यापीठाचा), कुठलाही चालतो. एनआयएचच्या (राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या) एसटीटीआरमध्ये पीआयने किमान १० टक्के वेळ प्रकल्पाला द्यावा लागतो.

यात एनएसएफ (नॅशनल सायन्स फाउंडेशन) वेगळं आहे. तिथे एसटीटीआर असलं तरी पीआय कंपनीच्या नोकरीत आठवड्याला किमान २० तास असावा लागतो. एनआयएचचा अनुभव असलेले प्राध्यापक एनएसएफकडे जातात तेव्हा इथेच ठेच लागते.

आता निर्णय. प्राध्यापकाला नोकरी सोडायची नाही, रजाही घ्यायची नाही, तर दोन वाटा उरतात. एक म्हणजे एनआयएच, ऊर्जा खातं, संरक्षण खातं किंवा नासाचं एसटीटीआर, आणि पीआय स्वतः विद्यापीठात. दुसरी वाट म्हणजे प्रयोगशाळेतून बाहेर पडलेला एखादा पीएचडी किंवा पोस्टडॉक कंपनीत घ्यायचा, त्याला पीआय करायचं, आणि प्राध्यापकाने सबअवॉर्डची बाजू सांभाळायची किंवा नुसतं सल्लागार राहायचं. मला दुसरी वाट जास्त पटते. हितसंबंधांचे प्रश्न निम्मे होतात, आणि ‘ही कंपनी म्हणजे प्रयोगशाळेचीच दुसरी पाटी आहे का?’ ही परीक्षकाची शंका उरत नाही.

पण त्या पोस्टडॉकचा व्हिसा आधी पाहा. विद्यापीठाच्या एच-वन-बीवर असलेल्या माणसाला कंपनीत काम करायला कंपनीने इमिग्रेशन खात्याकडे स्वतःची पिटीशन दाखल करावी लागते. ‘संध्याकाळी आणि शनिवार-रविवार करेल’ हे उत्तर नाही, बिनपगारी म्हटलं तरी नाही. इमिग्रेशन वकिलाला अर्जाच्या आधी गाठा. अवॉर्डचा ईमेल आल्यावर धावपळ करून हे जमत नाही.

तपासून घ्या: पीआयचे सगळे वेळेचे टक्के एका कागदावर मांडा: विद्यापीठ, कंपनी, इतर ग्रँट्स. बेरीज १०० च्या पुढे जात असेल तर इथेच थांबून दुरुस्त करा. एसबीआयआर असेल तर पीआयच्या विभागप्रमुखाकडून लेखी घ्या की अवॉर्ड मिळाल्यावर त्याची विद्यापीठातली नोकरी निम्म्याखाली येईल किंवा त्याला रजा मिळेल.

## ३. नोंदण्या

हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण थोडक्यात आटपतो. सगळ्यात आधी सॅम डॉट गव्ह ही सरकारी नोंदणीची साइट, कारण तिथून मिळणाऱ्या युईआय या ओळख क्रमांकाशिवाय पुढचं काहीच होत नाही. मग एसबीआयआर डॉट गव्हवर कंपनीची नोंद. मग ग्रँट्स डॉट गव्ह, आणि ज्या संस्थेकडे अर्ज तिचं पोर्टल: एनआयएचसाठी ईआरए कॉमन्स, एनएसएफसाठी रिसर्च डॉट गव्ह. सहा ते आठ आठवडे हाताशी ठेवा.

सॅममध्ये अर्ज अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे नाव आणि पत्ता. राज्याकडे कंपनी ज्या नावाने नोंदली आहे, आयआरएस या कर खात्याच्या पत्रावर जे नाव आहे आणि तुम्ही सॅममध्ये जे टाइप केलं, ते तंतोतंत एक हवं, ‘इन्क’ आणि ‘एलएलसी’सकट. घर बदललं आणि राज्याच्या नोंदीत जुनाच पत्ता राहिला, तर आठवडे जातात. नोंदणी मोफत आहे. ‘नूतनीकरणासाठी शुल्क भरा’ असे ईमेल येतात ते खासगी एजंटांचे असतात. नूतनीकरण मात्र दरवर्षी करावं लागतं.

एनएसएफमध्ये आधी छोटं प्रोजेक्ट पिच पाठवावं लागतं आणि बोलावणं आल्याशिवाय पूर्ण अर्ज करता येत नाही. पिचच्या वेळी विद्यापीठाच्या कागदांची गरज नसते, पण कोण काय करणार हे तेव्हाच ठरलेलं हवं.

## ४. विद्यापीठातली तीन ऑफिसं

लोक प्राध्यापकाशी बोलतात आणि विद्यापीठाशी बोललो असं समजतात. प्राध्यापकाला विद्यापीठातर्फे काहीही कबूल करण्याचा अधिकार नसतो. सही करणारी ऑफिसं वेगळी आहेत, आणि त्यांच्याकडे या क्रमाने जा.

टेक ट्रान्सफर ऑफिस, निदान तीन महिने आधी. कल्पना विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, विद्यापीठाच्या पैशाने जन्मली असेल तर पेटंट बहुधा विद्यापीठाचं आहे, शोधक तुम्ही असलात तरी. अर्जात ‘कंपनीचं तंत्रज्ञान’ लिहिण्याआधी ते वापरायचा हक्क कंपनीकडे हवा. पूर्ण परवाना लगेच घ्यायची गरज नाही. ऑप्शन करार पुरतो: ठरावीक मुदतीत परवाना घेण्याचा पहिला हक्क, थोड्या पैशात. ऑप्शनचं पत्र जोडलेल्या अर्जात परीक्षकाची एक मोठी शंका कमी होते.

हितसंबंध पाहणारं ऑफिस, त्याच सुमारास. एनआयएचच्या पैशावर लागू होणाऱ्या संघ नियमांत ५,००० डॉलरच्या वरचे आर्थिक हितसंबंध जाहीर करावे लागतात. हे नियम फेज वनच्या, म्हणजे पहिल्या छोट्या टप्प्याच्या, एसबीआयआर-एसटीटीआरला लागू नाहीत, हे खरं आहे, आणि त्यावरून पुष्कळ जण निर्धास्त होतात. विद्यापीठाचं स्वतःचं धोरण मात्र लागूच असतं आणि ते अनेकदा जास्त कडक असतं. समिती सहसा व्यवस्थापन योजना मागते: सबअवॉर्डचा खर्च प्राध्यापकाऐवजी दुसरं कोणीतरी मंजूर करेल, विद्यार्थ्याच्या प्रबंध समितीत कंपनीशी संबंध नसलेला एक सदस्य असेल, वगैरे. ही योजना मंजूर व्हायला वेळ लागतो, आणि ती झाल्याशिवाय बहुतेक विद्यापीठं सबअवॉर्डवर सही करत नाहीत.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. गाइडच्या कंपनीचं काम आणि तुमचा प्रबंध यांची सरमिसळ होऊ देऊ नका. कंपनीला निकाल गुप्त ठेवायचे असतात, तुम्हाला ते छापायचे असतात. गाइड कितीही चांगला असला तरी ‘सर, हे प्रकरण प्रबंधात घेता येईल ना?’ हा प्रश्न काम सुरू व्हायच्या आधी ईमेलवर विचारून ठेवा, आणि उत्तर जपून ठेवा.

स्पॉन्सर्ड प्रोग्रॅम्स ऑफिस, निदान सहा आठवडे आधी. पत्र, बजेट, सही, सबअवॉर्ड सगळं इथून. पहिल्या ईमेलमध्येच सोलिसिटेशनचा दुवा, मुदत, एसबीआयआर की एसटीटीआर, विद्यापीठाकडे अंदाजे किती पैसे जाणार आणि त्यांच्याकडून कोणते कागद हवेत, एवढं लिहा. त्यांची अंतर्गत मुदत विचारा. मुदतीच्या पाच कामकाजी दिवस आधी सगळं हवं, असं सांगणारी विद्यापीठं पुष्कळ आहेत, आणि काहींना त्याहूनही आधी हवं असतं. एनआयएचच्या नेहमीच्या तारखा ५ सप्टेंबर, ५ जानेवारी आणि ५ एप्रिल. यातली जानेवारीची सगळ्यात धोक्याची, कारण विद्यापीठं नाताळपासून नववर्षापर्यंत बंद असतात. तुमची अंतर्गत मुदत मग डिसेंबरच्या मध्यावरच येऊन पडते.

सावध: अर्ज विद्यापीठाच्या ईमेलवरून पाठवू नका. कंपनीचा पत्ता म्हणून प्रयोगशाळेचा पत्ता देऊ नका. कंपनीच्या वाट्याचं काम जिथे होणार ती जागा कंपनीच्या ताब्यात हवी. विद्यापीठाच्याच इनक्युबेटरमध्ये जागा घेत असाल तर भाडेकरार हवा आणि भाडं बाजारभावाने दिलेलं हवं.

## ५. कामाची वाटणी शब्दांत

बजेटच्या आधी हे लिहा, नंतर नाही. आकड्यांना धरून काम वाटलं की वाटणी कृत्रिम दिसते.

समजा, जखमेतला जंतुसंसर्ग ओळखणारी पट्टी तुम्ही बनवताय. पट्टी, तिचं रीडर आणि सॉफ्टवेअर कंपनी करणार. जिवाणूंवरच्या चाचण्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत होणार, कारण तशी सुरक्षित सोय कंपनीकडे नाही. अनेकदा सबअवॉर्डच्या कामाचं वर्णन असं लिहिलेलं असतं: ‘विद्यापीठ सूक्ष्मजीवशास्त्रातलं तांत्रिक साहाय्य पुरवेल.’ यातून कोणालाच काही कळत नाही. परीक्षकाला नाही, आणि उद्या बिल आल्यावर तुम्हालाही नाही. हेच असं लिहा: ‘कंपनीने दिलेल्या ४० पट्ट्यांची स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा यांच्या प्रत्येकी पाच सांद्रतांवर चाचणी, कच्ची मापनं आणि लेखी अहवाल चौथ्या महिन्याच्या अखेरीस कंपनीकडे.’ किती, कशावर, काय हातात येणार, कधी.

मग उलट बाजूने वाचा. सबअवॉर्ड काढून टाकलं तर कंपनीकडे खरं संशोधन उरतं का? कंपनीच्या वाट्याला नुसतं ‘प्रकल्प व्यवस्थापन आणि बाजार अभ्यास’ उरत असेल, तर टक्के बरोबर असूनही अर्ज कमजोर आहे.

## ६. बजेट

सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश.

मर्यादा अशा आहेत. एसबीआयआर फेज वनमध्ये किमान दोनतृतीयांश काम कंपनीने करायचं, फेज टूमध्ये किमान निम्मं. एसटीटीआरमध्ये दोन्ही फेजमध्ये कंपनी किमान ४० टक्के आणि एकच भागीदार संशोधन संस्था किमान ३० टक्के. उरलेले ३० कोणाकडेही जाऊ शकतात.

टक्के कशाचे? एनआयएचमध्ये हिशोब एकूण मागितलेल्या रकमेवर होतो: थेट खर्च, ओव्हरहेड (जागा, वीज, कार्यालय असा अप्रत्यक्ष खर्च) आणि फी धरून. पुष्कळ जण नुसत्या थेट खर्चावर टक्के काढतात आणि विद्यापीठाचा ओव्हरहेड विसरतात. फेज वनचा सर्वसाधारण आवाका ३ लाख डॉलरच्या आसपास असतो, तर ३ लाखच धरून पाहू.

एसबीआयआर असेल तर विद्यापीठ आणि इतर बाहेरचे सगळे मिळून एक लाखाच्या आत. विद्यापीठाचा ओव्हरहेड दर ५५ टक्के धरा, तर त्या एक लाखातून प्रयोगशाळेच्या हातात प्रत्यक्ष खर्चाला ६५ हजारांच्या आसपास उरतात. प्राध्यापकांना वाटतं त्यापेक्षा हे बरंच कमी आहे, आणि ते पहिल्या बैठकीतच सांगितलेलं बरं.

एसटीटीआरमध्ये उलटं होतं, विद्यापीठाचा वाटा कमी पडतो. थेट खर्च ६०,००० ठरवला, त्यात विद्यार्थ्याची ट्यूशन १२,०००. ट्यूशनवर ओव्हरहेड लागत नाही. म्हणून उरलेल्या ४८,००० वर ५५ टक्के, म्हणजे २६,४००. एकूण ८६,४००. ३ लाखांचे हे २८.८ टक्के झाले. किमान ३० हवेत, म्हणजे अर्ज तपासणीतच अडकणार. साहित्यात २,४०० वाढवले तर ओव्हरहेडसकट एकूण ९०,१२० होतात आणि ३० टक्क्यांची रेघ जेमतेम ओलांडली जाते. पण जेमतेमवर थांबू नका. संस्थेने नंतर एखादी बाब कापली की पुन्हा खाली याल. ३२-३३ टक्क्यांवर ठेवा.

आणखी काही ठिकाणं, जिथे पाय घसरतो:

प्राध्यापकाला सबअवॉर्डऐवजी कंपनीचा सल्लागार म्हणून पैसे दिले, तर ती रक्कम विद्यापीठाच्या ३० टक्क्यांत मोजली जात नाही, कारण ती विद्यापीठाला मिळालेलीच नाही. एसबीआयआरमध्ये मात्र ती बाहेरच्या एकतृतीयांशात धरली जाते. एकाच प्रकल्पात तोच माणूस सबअवॉर्डवरही आणि सल्लागारही, हे बहुतेक विद्यापीठं चालू देत नाहीत. सल्लागारीला आठवड्यातला एक दिवस, अशी मर्यादा सर्रास असते.

फी, म्हणजे कंपनीचा वाजवी नफा, एनआयएच आणि एनएसएफमध्ये ७ टक्क्यांपर्यंत मागता येते. ती कंपनीची असते, विद्यापीठ आपल्या बजेटमध्ये फी लावत नाही. कंपनीला स्वतःचा अप्रत्यक्ष खर्चही मागता येतो. एनआयएचमध्ये वाटाघाटीचा दर नसला तरी थेट खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत. नव्या कंपन्या भिडेखातर हे मागतच नाहीत आणि मग हिशेबनीस, विमा, वकील यांचे पैसे खिशातून भरतात. मागा.

‘ओव्हरहेड माफ करा’ असं विद्यापीठाला विनवण्यात वेळ घालवू नका. ठरलेला दर त्यांनी सरकारशी करार करून ठरवलेला असतो, आणि तुम्हाला माफी दिलीच तर उद्या प्रत्येकाला द्यावी लागेल.

तपासून घ्या: सबअवॉर्डच्या फॉर्मवरची एकूण रक्कम, कंपनीच्या बजेटमधली सबअवॉर्डची ओळ आणि विद्यापीठाच्या पत्रातली रक्कम. तिन्ही आकडे शेजारी लिहा. एका डॉलरचा फरक असला तरी दुरुस्त करा.

## ७. विद्यापीठाकडून कागद गोळा करणं

स्पॉन्सर्ड प्रोग्रॅम्सकडून एकाच वेळी मागा: अधिकृत प्रतिनिधीच्या सहीचं पत्र, कामाचं वर्णन, बजेट आणि त्याचं स्पष्टीकरण, ओव्हरहेड कराराची प्रत, विद्यापीठाचा युईआय, आणि प्रयोगशाळेतल्या मुख्य व्यक्तींचे बायोस्केच (ठरावीक नमुन्यातला परिचय). विभागप्रमुखाच्या लेटरहेडवरचं शुभेच्छांचं पत्र हे अधिकृत पत्र नव्हे. दिसायला भारदस्त असतं, उपयोग शून्य.

बायोस्केच आणि इतर साहाय्याच्या (दुसरीकडून मिळणाऱ्या निधीच्या) कागदांत भारतातली पदंही लिहा. पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या संस्थेत मानद प्राध्यापक असाल, वर्षातून दोनदा ऑनलाइन व्याख्यान देत असाल आणि एक पैसाही मिळत नसेल, तरी पद आहे म्हणजे ते लिहायचं. भारत अमेरिकी सरकारच्या ‘चिंतेच्या देशांच्या’ यादीत नाही, त्यामुळे लिहिल्याने सहसा काही बिघडत नाही. लपवलेलं नंतर सापडलं तर बिघडतं. २०२२ च्या कायद्यापासून कंपनीचे परदेशी संबंधही तपासले जातात.

एसटीटीआरला बौद्धिक संपदेच्या वाटपाचा करार लागतो आणि तो अवॉर्डच्या आधी दोन्ही बाजूंच्या सहीने तयार हवा. कंपनीचं एकट्याचं संशोधन कोणाचं, विद्यापीठाचं कोणाचं, मिळून केलेलं कोणाचं, पेटंटचा खर्च कोण करणार, प्रकाशनाआधी कंपनीला किती दिवस वाचायला मिळणार. लघुउद्योग प्रशासनाचा नमुना मसुदा आहे, तो घेऊन सुरुवात करा. स्वतःच्या वकिलाकडून पंचवीस पानी मसुदा करून विद्यापीठाकडे पाठवलात तर त्यांचे वकील ओळनओळ तपासतील, आणि अवॉर्ड त्यांच्या टेबलावर अडकून पडेल.

## ८. पाठवण्याआधीची शेवटची चाळणी

माणसांवर संशोधन असेल तर विद्यापीठाच्या आयआरबीची (अशा संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या समितीची) मंजुरी पुरते असं गृहीत धरू नका. कंपनीही त्यात गुंतलेली असेल तर तिला स्वतःचं, नियम पाळण्याची सरकारला हमी देणारं फेडरलवाइड अ‍ॅश्युरन्स लागू शकतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांतही तशीच कंपनीच्या नावाची वेगळी पूर्तता असते. अवॉर्ड येईपर्यंत मंजुरी नसली तरी बहुतेक ठिकाणी चालतं, पण कोणाची मंजुरी लागेल हे आज माहीत हवं.

संरक्षण खात्याच्या विषयावर अर्ज करत असाल तर निर्यात नियंत्रणाची ओळ शोधा. काम आयटारखाली (संरक्षण तंत्रज्ञानाच्या निर्यातीच्या नियमांखाली) येत असेल तर प्रयोगशाळेतले परदेशी विद्यार्थी त्यावर काम करू शकणार नाहीत, आणि प्रकाशनावर बंधन आलं की मूलभूत संशोधन म्हणून विद्यापीठाला या नियमांतून मिळणारी सूटही जाते. अशी अट दिसली की पुष्कळ विद्यापीठं सबअवॉर्ड घेतच नाहीत.

अर्ज मुदतीच्या दोन-तीन दिवस आधी पाठवा. पोर्टलने चुका दाखवल्या तर त्या दुरुस्त करायला अवधी राहतो. पाठवल्यावर तयार झालेली पूर्ण पीडीएफ उघडून पान-पान पाहा, विशेषतः सबअवॉर्डचं बजेट तिच्यात खरंच आलंय का ते. जोडायचं राहिलेलं सबअवॉर्ड ही दुर्मिळ चूक नाही.

## ९. अवॉर्डनंतर

अवॉर्ड कंपनीला मिळाला म्हणजे विद्यापीठात काम सुरू झालं, असं होत नाही. आधी सबअवॉर्ड करार व्हावा लागतो, आणि त्याला काही आठवडे सहज जातात. फेज वन सहा महिन्यांचं असेल तर त्यातले दोन महिने कराराच्या वाटाघाटीत जाऊ शकतात. म्हणून अवॉर्डची अधिकृत सूचना यायच्या आधी, संस्थेच्या अधिकाऱ्याकडून कागदपत्रं मागणारा पहिला ईमेल आला की त्याच दिवशी स्पॉन्सर्ड प्रोग्रॅम्सला कळवा. विद्यार्थी त्याआधी कामाला लागलाच तर त्याचा पगार कुठून जाणार, हे प्राध्यापकाने आधी ठरवावं.

विद्यापीठ खर्च झाल्यावर बिल पाठवतं आणि ते साधारण ३० दिवसांत भरायची अपेक्षा असते. कंपनीकडे सरकारचा पैसा त्याआधी आलेला असेलच असं नाही. रोखीचं वेळापत्रक मांडून ठेवा. प्रत्येक बिल कामाच्या वर्णनाशी ताडा: चौथ्या महिन्याचा अहवाल आला नाही आणि बिल मात्र आलं, तर पैसे देण्याआधी विचारा. प्राध्यापक मालक असेल तर हे काम कंपनीतल्या दुसऱ्या कोणीतरी करावं.

पीआय बदलायचा असेल, किंवा काम इकडून तिकडे हलवल्याने टक्के मर्यादेच्या बाहेर जात असतील, तर संस्थेची लेखी परवानगी आधी घ्या. प्रयोगशाळेत काही पेटंटयोग्य निघालं तर विद्यापीठाने आणि कंपनीने आपापला शोध सरकारला कळवायचा असतो. शोधकाने आपल्या विद्यापीठाला किंवा कंपनीला लेखी सांगितल्यापासून दोन महिन्यांत, आयएडिसन या पोर्टलवर. सरकारला दिलेल्या अहवालांवर एसबीआयआर माहिती-हक्काची ओळ छापायला विसरू नका. ती असेल तर तुमची तांत्रिक माहिती अवॉर्डपासून २० वर्षं संरक्षित राहते, आणि नसेल तर ती मर्यादेशिवाय दिली असं धरलं जाऊ शकतं.

फेज टूची तयारी फेज वनच्या अर्ध्यावर सुरू करा. तिथे एसबीआयआरमधून एसटीटीआरकडे किंवा उलट जायची मुभा आहे. कंपनीत आता स्वतःची माणसं आली असतील आणि विद्यापीठाचं काम कमी झालं असेल, तर एसबीआयआर सोयीचं पडतं. मात्र पत्र, कामाचं वर्णन आणि बजेट विद्यापीठाकडून नव्याने घ्यावं लागतं. फेज वनच्या पत्राची तारीख बदलून ते पुन्हा जोडता येत नाही.